सुनंदाताईंची चटणी आणि आमचा हातभार

मीटिंगमध्ये काय ठरलं ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहत नाही. मीटिंग संपल्यावर चपला घालता घालता आणि लिफ्टची वाट बघताना जे बोलणं होतं, ते मात्र डोक्यात घर करून बसतं! आजही चार ओळखीची माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "गायकवाड, तो मेश्रामसाहेबांच्या टकलाचा किस्सा सांगा ना." एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतोच. बायकोचं म्हणणं असं, की मला प्रत्येक गोष्टीत 'का?' विचारायची खोड आहे, म्हणून माझ्याकडे एवढा साठा. असेल बुवा. पण मी तिला विचारलं, "खोड का म्हणतेस?"

तर आमचं मंडळ. नाव 'हातभार'. दोन हजार सालाच्या आगेमागे नोकरीसाठी सिंगापूरला आलेली आम्ही काही बौद्ध मराठी मंडळी. कुणी चिप बनवणारा इंजिनिअर, कुणी बँकवाला, मी बुओना व्हिस्टाला एका लॅबमध्ये, घरही तिथेच. आपल्या समाजातल्या ज्याला कुणाला स्वतःचा धंदा काढायचाय त्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि त्यातून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, एवढाच उद्देश. नोकरीत आम्ही सगळे तरबेज. धंदा मात्र आमच्यातल्या फारच थोड्यांच्या घराने बघितलेला. त्यामुळे धंदा म्हणजे नेमकं काय असतं, याचं आम्हाला भयंकर कुतूहल!

पहिला धंदा ठरला सेरंगूनच्या सुनंदाताई सोनकांबळेंचा. ताई मूळच्या उदगीरच्या. यजमान शिपयार्डात इंजिनिअर, मुलगी प्रज्ञा इथल्याच शाळेत. ताईंच्या हातची जवसाची चटणी खाऊन माणूस दुसरी भाकरी मागतोच. त्यांना एक स्टॉल हवा होता. भाकरी, पिठलं आणि चटण्या. "आणि वर पाटी," त्या म्हणाल्या, "पाटीवर माझं नाव. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

बाकी आम्ही म्हणू तसं म्हणाल्या, तिथेच चुकल्या.

* * *

मेश्रामसाहेब आमचे अध्यक्ष. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. नागपूरचा दिलदार माणूस, पण लॅपटॉप उघडल्याशिवाय यांच्या तोंडून जय भीमसुद्धा निघत नाही. पहिली मीटिंग ताईंच्याच हॉलमध्ये होती. साहेबांनी बँकेतून प्रोजेक्टर आणला आणि भिंतीवर अक्षरं उमटली: 'चटणी: सामर्थ्य, उणिवा, संधी, धोके.'

पुढे पंचवार्षिक योजना. आधी मलेशिया, मग ऑस्ट्रेलिया! मग लोगो. लोगो निळा असावा याबद्दल एका मिनिटात एकमत झालं. कुठला निळा, यावर संध्याकाळ गेली. तोवर चटणी कुणी चाखलेलीसुद्धा नव्हती.

शेवटी साहेब धोक्यांच्या स्लाइडवर आले. चष्मा पुसला. "आता मला सांगा, या प्रॉडक्टला सगळ्यात मोठा धोका कोणता?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात केव्हाच्या उभ्या होत्या, हातात ताट.

"भाकरी गार होतीय, साहेब. दुसरा काही दिसत नाही मला."

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत सार्सची साथ आली. ते दिवस ज्यांनी इथे काढले त्यांना वेगळं सांगायला नको. ऑफिसात सकाळ-दुपार ताप मोजायचा, मुलांच्या दप्तरात थर्मामीटर, आणि लिफ्टमध्ये कुणाला साधा ठसका लागला तरी पुढच्या मजल्यावर लिफ्ट रिकामी!

अशात एका सकाळी ताईंनी मिरच्या भाजायला घेतल्या. खिडक्या बंद करायला पाहिजे होत्या, त्या उघड्या राहिल्या. वारा नेमका कॉरिडॉरच्या दिशेने. पहिल्यांदा शेजारच्या लिम आंटी खोकल्या. मग त्यांच्यापलीकडचे. मग पार लिफ्टपर्यंत एकेक दार उघडत गेलं आणि एकेक माणूस तोंडावर रुमाल धरून बाहेर येत गेला. सगळे खोकतायत, सगळ्यांचे डोळे लाल, आणि सगळे एकमेकांपासून लांब लांब सरकतायत! कुणीतरी थर्मामीटर आणला. तो पुसून पुसून सगळ्यांनी ताप मोजला. एकालाही ताप नाही. मग हा रोग तरी कुठला?

तेवढ्यात ताई पदराने नाक दाबून बाहेर आल्या. "सॉरी, सॉरी! नो सिक! ओन्ली चिली!"

लिम आंटींनी डोळे पुसले, शिंकल्या, आणि पुढे येऊन म्हणाल्या, "चिली आह? कॅन ट्राय?"

साहेबांना हे कळल्यावर त्यांनी स्लाइड बदलली. 'धोके' मधून खोकला काढला आणि 'संधी' मध्ये घातला.

* * *

मग आमच्यात लोरेन आली. लोरेन मेश्रामसाहेबांच्या बँकेत होती. अमेरिकेतली काळी बाई, उंच, हसरी, आणि प्रश्न विचारण्यात माझी गुरू. तिच्या आईने त्यांच्या गावात एक संस्था चालवली होती. काळ्या लोकांचे छोटे धंदे उभे करायचे, कुणाचं सलून, कुणाची बेकरी, कुणाचं गॅरेज, आणि ते मोठे होईतो मागे उभं राहायचं. साहेबांनी जेवताना तिला 'हातभार'बद्दल सांगितलं. ती म्हणाली, "हे तर माझ्या आईचंच काम! मी येते रविवारी."

आली. भाकरी हाताने मोडून खाल्ली, चटणी परत मागून घेतली, आणि मग प्रश्न सुरू झाले.

"तुम्ही सुनंदाला काय काय देता?"

"मार्गदर्शन," साहेब म्हणाले.

"सल्ला," मी म्हणालो.

"मॉरल सपोर्ट," सोनकांबळे, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणाले. ते बिचारे तेवढ्यापुरतेच बोलतात.

"छान. आणि चटणी घरी नेता तेव्हा?"

आमच्या प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये ताईंची बरणी होती. आपलीच ताई, म्हणून कुणी पैसे विचारले नव्हते. आपलेच भाऊ, म्हणून ताई बोलल्या नव्हत्या.

लोरेन हसायला लागली. "म्हणजे हातभार ही तुम्हाला लावतेय!" मग तिने आईचा नियम सांगितला. मित्र असाल तर पूर्ण किंमत द्या. सवलत अनोळखी माणसासाठी ठेवा.

त्या दिवशी मंडळी बरण्या घेऊन लिफ्टशी आली तेव्हा प्रत्येकाचं पाकीट हातात होतं. मीही पाकीट खिशात ठेवता ठेवता विचार करत होतो, हे आपल्याला एवढे दिवस का सुचलं नाही?

* * *

आता तो टकलाचा किस्सा.

लोरेनला सिंगापुरात सगळं मिळालं, पण तिचे केस विंचरणारं कुणी मिळेना. इथल्या सलूनमधल्या मुली तिच्या केसांना हात लावायलाच घाबरायच्या. शेवटी तिला ग्रेस सापडली. ग्रेस नायजेरियाची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, आणि घरीच बारीक बारीक वेण्या घालून द्यायची. लोरेनने आम्हाला बजावलं, "मी तुमच्याकडची चटणी घेते. आता तुम्ही माझ्याकडचं गिऱ्हाईक व्हा."

बरोबरच होतं. एका शनिवारी आम्ही सहकुटुंब ग्रेसकडे गेलो. आमच्या बायका आधी लाजल्या, मग अशा काही बसल्या की उठेनात. वेण्या घालता घालता ग्रेसचा हात चालू आणि गप्पाही चालू. उदगीर कुठे, लागोस कुठे, पण सासवांच्या तक्रारी अगदी सारख्या निघाल्या! माझ्या बायकोच्या डोक्यावर तर एवढ्या वेण्या झाल्या की माझ्या आईने वेबकॅमवर बघून विचारलं, "सूनबाई कुठंय?"

हे सगळं चालू असताना मेश्रामसाहेब कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसलेले. अध्यक्ष ना! अध्यक्षांनीही गिऱ्हाईक व्हायला हवं, असं त्यांनीच मीटिंगमध्ये ठासून सांगितलेलं. सगळ्यांचं झाल्यावर ते उठले, पुढे येऊन बसले आणि मान खाली घातली. डोक्यावर नावाला केस नाही.

ग्रेसने ते डोकं एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. हलकेच हात फिरवून बघितला. मग लोरेनला म्हणाली, "यांना तू चहा दे."

* * *

सगळेच किस्से हसायचे नसतात. एकदा ताईंकडे लोरेन, मी आणि साहेब असे बसलो होतो, आणि पाटीचा विषय निघाला. साहेबांच्या मनात पाटीवर नाव नकोच होतं. ते म्हणाले, "ताई, आडनाव कशाला? काहीतरी साधं ठेवा ना बाप्पा. सगळ्यांना चालेल असं."

लोरेनने विचारलं, "आडनावाने काय होतं?"

आता हे बाहेरच्या माणसाला समजावायचं कसं? आम्ही आळीपाळीने प्रयत्न केला. आडनावावरून आमच्याकडे जात ओळखतात, आणि जात ओळखली की काहींच्या घशाखाली घास उतरत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कळलं." आणि तिच्या आजोबांचं सांगितलं. आजोबा 'पाय' बनवायचे, म्हणजे आत फळं भरून भट्टीत भाजलेला तिकडचा गोड पदार्थ. सगळ्या गावाला ते आवडायचे. पण गोरं गिऱ्हाईक यावं म्हणून गल्ल्यावर एक गोरा माणूस पगारी ठेवला होता, आणि आजोबा आयुष्यभर मागच्या खोलीत राहिले. कुणी पायची स्तुती केली की तो गोरा माणूस थँक्यू म्हणायचा.

ताई कणीक मळत होत्या, त्या थांबल्या. "माझे वडील टेलर होते," त्या म्हणाल्या. "शिवण अशी की तालुक्यातून लोक यायचे. पाटीवर फक्त 'टेलर्स' लिहिलेलं. मी शाळेत जायला लागल्यावर वाचायला शिकले, तर विचारलं, 'बाबा, कुणाचे टेलर्स?' त्यांनी मशीनचं पायडल मारायला घेतलं."

मी हे मराठीतून इंग्रजीत करून लोरेनला सांगितलं. साहेब त्या दिवशी लॅपटॉप न उघडता घरी गेले.

* * *

आडनावावरून आठवलं. सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकोसोबत गेलो होतो. तिथे एका काकूंनी मला पकडलं. गोड बोलणं, हातात तिळगूळ.

"आडनाव काय म्हणालात?"

"गायकवाड."

आता गायकवाड मराठ्यांतही असतात आणि आमच्यातही. काकूंची पंचाईत झाली. "कुठले गायकवाड?"

"बुओना व्हिस्टाचे."

"तसं नाही हो. मूळचे?"

"आधी क्लेमेंटीला होतो. भाडं वाढलं म्हणून सोडलं."

काकूंनी तिळगूळ दिला, पण गोड बोलायचं राहिलं.

* * *

स्टॉल मिळायच्या आधी सेरंगूनच्या कम्युनिटी क्लबच्या जत्रेत ताईंना एक टेबल मिळालं. अनोळखी लोक आपल्या हातचं खातात का, एवढंच ताईंना बघायचं होतं. आम्हाला मात्र लोरेनच्या आईचा नियम पाठ झालेला. मित्रांनी पूर्ण किंमत द्यायची! आम्ही झाडून सगळे सकाळी सकाळी बायकापोरांसकट हजर. रांग लावली. पूर्ण किंमत देऊन भाकऱ्या खाल्ल्या, बरण्या घेतल्या. रांग बघून एक तमिळ कुटुंब मागे येऊन उभं राहिलं. एक चिनी आजोबा बराच वेळ वास घेत घुटमळले. पण त्यांचा नंबर येईपर्यंत टोपलं रिकामं!

साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "सोल्ड आऊट! जत्रेत सगळ्यात आधी आपण!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

ताई रिकाम्या टोपल्याकडे बघत होत्या. "विकलं कुठं, साहेब? घरच्यांनाच वाढलं."

प्रज्ञा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, सेम अंकल्स, सेम आंटीज. जस्ट लाइक अवर हॉल, लाह."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ते तमिळ कुटुंब तोवर समोरच्या नूडल्सच्या टेबलावर जेवायला बसलं होतं.

* * *

आणि मग स्टॉल. ताईंच्या ब्लॉकपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका कॉफीशॉपमध्ये, म्हणजे इथे एका छपराखाली खाण्याचे पाच-सहा स्टॉल असतात तिथे, फिशबॉल नूडल्सवाल्या अंकलच्या शेजारी. जागा लहान, पण चूल आपली.

पाटी रंगवायला टाकायची तेव्हा साहेबांनी पुन्हा विषय काढला. खरं सांगतो, त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना भीती वाटत होती. "ताई, दोन-चार महिने तरी. लोकांना चव कळू द्या, मग नाव लावू. नाव वाचून मागच्या मागे फिरणारे अजून आहेत. मी बघितलेत. तुमच्या बाबतीत ते बघायची माझ्यात ताकद नाही." बराच खल झाला. शेवटी मधला मार्ग निघाला. वर मोठ्या निळ्या इंग्रजी अक्षरांत 'दख्खन किचन', आणि खाली कोपऱ्यात, बारीक, 'सुनंदा सोनकांबळे.' ताई हो म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी लोरेनने आम्हाला सक्त ताकीद दिली. आज मंडळातल्या कुणीही स्टॉलपाशी जायचं नाही! आम्ही पार लांबच्या टेबलावर कॉफी घेऊन बसलो. ताईंनी पहिली भाकरी तव्यावर टाकली. प्रज्ञाने चटण्यांच्या वाट्या मांडल्या. लोक येत होते, पाटीकडे बघत होते, आणि नेहमीच्या सवयीने पलीकडच्या चिकन राइसच्या स्टॉलकडे वळत होते. एक भाकरी झाली, ती निवली. दुसरी झाली. साहेबांची कॉफी तशीच होती. ताई आमच्याकडे बघत नव्हत्या, आणि आम्हीही ताईंकडे बघत नव्हतो.

मग शेजारचा अंकल आला. सत्तरीचा असेल, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. त्याच्या स्टॉलवर त्याचं नाव एवढं मोठं की रस्त्यापलीकडून वाचता यावं, आणि बाजूला त्याच्या बापाचा फोटो. अंकलने बोटानेच जवसाची चटणी उचलली आणि तोंडात टाकली. अंकलचा चेहरा लाल झाला. तो आपल्या स्टॉलवर परत गेला, नूडल्सचा वाडगा घेऊन आला, त्यात चमचाभर चटणी घातली आणि उभ्या उभ्या सगळं संपवलं. मग पैसे काउंटरवर ठेवले.

"गुड," तो म्हणाला. "व्हॉट नेम?"

ताईंनी पाटीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. अंकलने डोळे बारीक केले. पुढे वाकला. चष्मा वर केला, खाली केला.

"आंटी, धिस युअर शॉप ऑर नॉट?"

"यस. माय शॉप."

"देन व्हाय नेम सो स्मॉल?" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की चिकन राइसची रांग वळून बघायला लागली. "पीपल लाइक, हाऊ टू फाइंड यू? पीपल डोन्ट लाइक, हू टू स्कोल्ड?"

अंकल मान हलवत आपल्या स्टॉलमागे गेला. फिशबॉलच्या खोक्याचा एक भलामोठा पुठ्ठा फाडून घेऊन आला. रोजचा मेनू लिहायचा त्याचा जाडा मार्कर त्याने पुठ्ठ्यावर ठेवला आणि फडक्याने हात पुसत आपल्या कामाला लागला.

ताईंनी गॅस बारीक केला. हात धुतले. पुठ्ठा काउंटरवर आडवा ठेवून लिहायला घेतलं. एकेक अक्षर दोनदा गिरवलं. लिहून झाल्यावर पुठ्ठा लांब धरून बघितला. 'दख्खन किचन' झाकलं जाईल एवढा तो मोठा होता. मग त्यांनी प्रज्ञाकडून टेप घेतली, आणि पहिल्यांदाच आमच्या टेबलाकडे बघितलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "इकडं या. स्टूल धरा."